ताणमुक्तीला पाच जण पाठवा

शाळेत वर्ग दहा आणि शिक्षक नऊ. त्यामुळे बदली तासांची वही मोठ्या बाईंच्या टेबलावरून कधी हलायची नाही. कोणाचा रिकामा तास काढून कोणत्या वर्गावर धाडायचा ते त्यांनी त्यात लिहायचं आणि शिपाईमामांनी सह्या घेत फिरायचं. शिकवत होत्या तेव्हा बाईंनीही या वहीला पोटभर शिव्या दिलेल्या. आता मुख्याध्यापक होऊन चार वर्षं त्याच ती लिहीत होत्या.

त्या दिवशी वरून पत्र आलं. उद्या शाळेच्या वेळेत 'ताणमुक्त शिक्षक' शिबिर, पाच जण पाठवा, हजेरी सक्तीची.

बाईंनी मुकाट्याने उद्याचं पान मांडलं. तीन वर्ग एकत्र बसवून गणिताच्या बाईंच्या गळ्यात घातले. घसा बसल्यामुळे डॉक्टरांनी तिला तीन आठवडे बोलायला बंदी केलेली. तिचा रजेचा अर्ज आठ दिवस बाईंच्याच खणात पडून होता. बदली माणूस नाही, म्हणून त्यांनीच दाबून ठेवलेला.

मामा गणिताच्या बाईंची सही घेऊन आले, पण दारातच घुटमळले.

"काय झालं?"

"काही नाही बाई. मागच्या वर्षी त्यांनी ही वही माझ्या अंगावर फेकली होती. आज नुसती मान हलवली. फेकली होती तेच बरं होतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी सरळ शिक्षण खात्यातल्या साहेबांना फोन लावला.

"शिबिराला आमचं कोणी येणार नाही."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी आहे. मला वर फोटो पाठवायचेत."

"भलं करायचंय तर रिकाम्या जागा भरा. चार वर्षं घसा कोरडा करतेय."

"ते माझ्या हातात नाही. आणि असं बोलाल तर लेखी खुलासा मागवावा लागेल."

"मागवा. आणि उद्या येऊन सातवीवर दोन तास उभे राहा. फोटो मी काढते."

त्यांनी फोन ठेवला. साहेबांना बोलून झालं होतं, पण अर्ज काही साहेबांच्या खणात नव्हता. देवा, हे पाप माझंच, असं मनाशी म्हणत त्यांनी अर्जावर मंजुरीची सही केली, वहीतलं नाव खोडून स्वतःचं घातलं आणि अर्ज घेऊन, गणिताचा तास चालू होता त्या सातवीच्या वर्गात गेल्या.

"आत्ताच घरी जा. तुझे तास मी घेते."

गणिताच्या बाईंनी अर्ज पाहिला. चेहरा हलला नाही. वळून तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'आठ दिवस उशीर केलात.'



"हो, केला," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खडूसाठी हात पुढे केला.