मिनासची पातळ ढाल

ढाल भिंतीवरून काढताना एवांथियाने अर्गिरिसला अडवलं नाही, पण स्टूलही धरलं नाही. दाराला टेकून ती बघत राहिली.

"फुटली तर?"

"फुटली तर फुटली."

"काय बोलतोस ते तुझ्या कानावर तरी पडतं का?"

पडत होतं. आवाज आपलाच आहे हेही कळत होतं. जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठींआड उभं राहिलं की पलीकडचं यंत्र जसं ऐकू येतं, तसंच फेब्रुवारीपासून त्याला सगळं ऐकू येत होतं. मोटरसायकल ट्रॉलीखाली गेली, त्यांचा मुलगा मिनास गेला. चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे घालायचे का, असं बायकांनी विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. थडग्याला कोणता संगमरवर, तेव्हाही हलवली. आणि परवा शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उरानियाबाईंनी, मिनासची ढाल रविवारी भाल्याखाली तपासायची का, असं जरा अडखळतच विचारलं, तेव्हाही.

मिनास कातारी होता. खुर्च्यांचे पाय, वाडगे, लाटणी करायचा, आणि उरलेल्या वेळात ढाली. प्राचीन काळच्या सैनिकांच्या ढाली खरोखर कशा होत्या हे पुस्तकातून कळत नाही, त्या करून, अंगावर वार घेऊनच कळतं, असं म्हणणाऱ्या उरानियाबाईंच्या मंडळात त्यानेच बापाला ओढून आणलं होतं. बाकीच्यांच्या ढाली जाडजूड. मिनासने मात्र पॉपलरच्या लाकडाच्या पट्ट्या सरसाने जोडून कातायच्या यंत्रावर एवढ्या पातळ उतरवल्या, की खाटिक लाझारोस म्हणाला, "अरे, मी मटण बांधतो तो कागद याहून जाड असतो."

"जाड ढाल फुटत नाही, तुमचं कोपर फोडते," मिनास म्हणाला होता. "ही वाकेल. वाकेल म्हणून वाचेल."

ती तपासायची राहूनच गेली.

रविवारी किथेरॉन डोंगराच्या पायथ्याशी, प्लाटाया गावाबाहेरच्या पडीक शेतात त्यांची रांग लागली. अर्गिरिसच्या उजव्या हाताला लाझारोस. मिनासला बाप्तिस्मा देताना धर्मपिता म्हणून त्यानेच तेल लावलं होतं, तेव्हापासून ते दोघे एकमेकांना 'कुंबारे' म्हणत. आधी नुसतं चालायचं होतं. ढाल डाव्या हातात. तिची अर्धी बाजू आपल्या अंगावर, अर्धी डावीकडच्याच्या. त्यामुळे प्रत्येकाचा उघडा उजवा खांदा उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीआड शिरू बघतो, आणि अख्खी रांग नकळत उजवीकडे घसरते.

"सरळ चाला रे खेकड्यांनो," उरानियाबाई ओरडल्या. "त्या अर्गिरिसरावांकडे बघा. खांब आहे नुसता."

खरंच, तो एकटाच सरकला नव्हता. त्याच्या आणि लाझारोसच्या मध्ये दार उघडं राहावं तशी फट पडली होती. बाकीचे हसले. लाझारोसने त्या फटीकडे पाहिलं, मग अर्गिरिसकडे.

"कुंबारे, सरक की. मी काय चावतो?"

"ठीक आहे मी."

"ते दिसतंय मला."

मग तपासणी. टपालवाला सोतिरिस टोक बोथट केलेला लोखंडी भाला घेऊन समोर आला. अर्गिरिसने हात ढालीच्या कड्यात कोपरापर्यंत घातला. सोतिरिस धावत आला, भाला पुढे आला, आणि ऐन वेळी अर्गिरिसने ढाल बाजूला नेली. घाव तागाच्या चिलखतावर, बरगडीवर बसला. तो एक गुडघा टेकून पुन्हा उठला.

"काय झालं?" उरानियाबाई धावत आल्या.

"काही नाही. हात घसरला. पुन्हा."

पुन्हा तेच झालं. भाला जवळ येताच त्याचा हात ढालीला आपल्या पाठीशी घेऊ लागला, कुत्रा अंगावर आला की आपण पोराला मागे घेतो तसा. घाव पुन्हा त्याच जागी. सोतिरिसने भाला खाली टाकला. "माझ्याच्यानं नाही होणार. मी माणसाला मारायला नाही आलो."

"कुंबारे," लाझारोस हळूच म्हणाला, "ढाल माणसासाठी असते रे. माणूस ढालीसाठी नसतो."

उरानियाबाई म्हणाल्या, "राहू दे. घरी न्या ती. दुसरी बघू आपण."

अर्गिरिस ढालीकडे बघत उभा राहिला. घरी नेली तर ती भिंतीवर जाईल. एवांथिया रोज पुसेल. आणि मटणाच्या कागदावरून लोक तिला हसले होते, ते तसंच राहील.

त्याने हात कड्यातून काढला. "तू धर," तो लाझारोसला म्हणाला.

"मी? फुटली तर एवांथिया मला सुरीखाली घेईल."

"धर रे."

लाझारोसने ती हातात चढवली. खाटकाच्या जाड दंडावर कडं कसंबसं बसलं. तेव्हा अर्गिरिस बाजूला झाला नाही. तो लाझारोसच्या डावीकडे, रांगेत उभा राहतात तसा उभा राहिला, आणि खांदा ढालीच्या उरलेल्या अर्ध्या भागाआड घातला. आतल्या अस्तराला अजून सरसाचा वास होता.

"सोतिरिस, ये," तो म्हणाला. "जोरात ये."

आवाज त्याच्या कानाशीच झाला. लाकूड आत आलं, त्याच्या गालाला लागेल इतकं, आणि परत गेलं.

उरानियाबाईंनी ढालीवरून बोट फिरवलं. बाहेर खळगा, खळग्यातून काठाकडे गेलेली केसाएवढी भेग. आत अस्तर शाबूत.

"कोपर?" त्यांनी विचारलं.

लाझारोसने कोपर वाकवून पाहिलं. "काही नाही झालं," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून बराच वेळ डोंगराकडे बघत राहिला.

संध्याकाळी एवांथियाने ढाल मांडीवर घेतली. भेगेवरून अंगठा फिरवला. भिंतीला लावायला अर्गिरिस ती उचलू लागला आणि वाकता वाकता थांबला.

"काय झालं?"

"दुखतंय."

"कुठे?"

त्याने बरगडीवर हात ठेवला. एवांथियाने ढाल खाली ठेवली आणि त्याच्या सदऱ्याची बटणं काढायला लागली.