शेवंतीमावशी गावाला गेली

आमच्या लालबागच्या चाळीत दार लावलेलं म्हणजे माणूस गावाला गेलेलं. झोपायच्या वेळेआधी दार लावायची पद्धतच नाही इथे. म्हणून शेवंतीमावशीचं कौतुक करावं की तिला चार शब्द सुनावावेत, मला अजून कळत नाही.

मावशीला आपलं म्हणावं असं कोणी उरलं नाही. मूल झालं नाही, नवरा लवू वारला, गावचं घर दिरांनी आपलं करून टाकलं. उरला काजू. कुत्र्याचं शेपूट काजूसारखं वळलेलं, म्हणून काजू. आता म्हातारा झालाय, पण फटाका वाजला की लहान पोरासारखा थरथरतो. गेल्या दिवाळीत शेजारच्या सुचित्राची मेघना फराळाचं ताट घेऊन आली, मावशीने दार उघडलं, खाली माळ लागली आणि काजू दोघींच्या पायांतून जो सुटला, तो सापडला थेट वरळी कोळीवाड्यात, जाळ्यांखाली लपलेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा पळाला तर त्याचं हृदय तग धरणार नाही.

यंदा मावशीने ठरवलं, काही झालं तरी दार उघडायचं नाही. खिडकीला गोधडी ठोकली. मोरीत जुनं लुगडं अंथरून काजूची जागा केली. कंदील लावलाच नाही. स्टुलावर चढणार कोण? चकल्या मात्र केल्या. सुचित्रासाठी डबा भरून आत दाराशी ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काजूचं डोकं मांडीवर घेऊन ती मोरीत बसली होती. नुकता कुठे त्याचा डोळा लागला होता. तेवढ्यात दाराबाहेर पावलं थांबली.

"आई, मावशींचं दार बंद आहे," मेघना म्हणाली.

"लॅच ओढून गावाला गेल्या असतील. बघ ना, कंदीलसुद्धा नाही."

"न सांगता?"

"म्हातारी माणसं गं. मनात आलं की निघतात. चल, अजून वरचा मजला राहिलाय."

पावलं गेली.

मी तेव्हा कणकवलीला होते. नंतर तांदूळ निवडताना मावशीने हे सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तोंडाला कुलूप होतं का तुझ्या? आतून हाक मारायचीस ना!"

"मारली असती, तर दार उघडा म्हणाल्या असत्या," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मी उघडलंही असतं."

दिवाळीभर मग कोणी तिचं दार वाजवलं नाही. गावाला गेलेल्याचं दार कोण वाजवतं?

भाऊबीज झाली, फटाके थांबले, तेव्हा तिने कडी काढली. काजू उंबऱ्यावर येऊन ऊन खात बसला, धडधाकट. सुचित्रा कपडे वाळत घालत होती.

"आलात का मावशी? कसं आहे गाव?"

मावशीने चकल्यांचा डबा तिच्या हातात दिला.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण कोणी भेटलं नाही गं."