दोन लाखांची इज्जत

आमच्या फुलंब्रीकडच्या गावात जसजसा पैसा आला, तसतसं गाव कागदावर गरीब होत गेलं. कुणाची पोरं चितेगावच्या कारखान्यात लागली, कुणाची जमीन प्लॉटिंगवाल्यानं घेतली, दारात चारचाकी आल्या. आणि हीच मंडळी दर जूनला तलाठ्यापुढं असं तोंड करून उभी, जणू आठवडाभर घरात चूल पेटली नाही. पोरांच्या फीला सवलत पाहिजे, तर उत्पन्नाचा दाखला कमीचाच लागायचा. भाजीवाली 'किती देऊ' विचारते तसं तलाठी विचारायचे, "किती लिहू?"

आम्हाला खोटं बोलायची गरजच नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सिल्लोडला कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरते कामाला. घरी दोन एकर कोरडवाहू. माझा औरंगाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागला होता. सवलत मिळाली तर शिक्षण, नाही तर घरी बस.

आम्ही दोघं तलाठ्याकडं गेलो, तर बाकावर शेजारच्या गावचे एक बागायतदार. त्यांच्या मुलाचं स्थळ मला नुकतंच सांगून आलेलं. एवढ्या मोसंबीच्या बागेचे धनी, वर्षाचं उत्पन्न तीस हजार लिहून घेत होते. लाज ना शरम!

"तुमचं किती लिहू?" तलाठ्यांनी विचारलं.

अण्णांनी टोपी सारखी केली. "लिहा की दोन लाख."

"अण्णा, काय बोलताय!"

"गप. पाव्हणे बसलेत."

तलाठी पेन उचलून बघतच राहिले. "खरंच लिहू?"

"व्हय. आमी काय भिकारी हाव?"

झालं! सवलत गेली. आईनं कपाळावर हात मारला, "बडा घर, पोकळ वासा!" मी दोन दिवस अण्णांशी बोलले नाही.

चार दिवसांनी मध्यस्थ आला. पाव्हण्यांनी हुंडा दुप्पट मागितला होता. दोन लाखवाल्याला काय जड, म्हणे. स्थळ मोडलं, त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण आई म्हणाली, आता तरी जाऊन दाखला बदलून आणा, तर अण्णा म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?"

कॉलेज सुटलं. त्या हिवाळ्यात मी लोकांच्या शेतात रोजानं कापूस वेचायला जात होते. बाया चिडवायच्या, "लखपतीची लेक आली गं!" जिनिंगला रात्रपाळी असली की दुपारी अण्णा पाण्याचा तांब्या आणून बांधावर ठेवायचे आणि मान खाली घालून परत फिरायचे. मी एकदाही हाक मारली नाही. इतका राग होता मला.