नत्थूजींनी पास केलेला टायर

जरीपटक्याच्या बाजारात नत्थूजींनी टायरवर खडूची रेघ ओढली, की ट्रकवाले दुसऱ्या कोणाला विचारत नसत. आत हात घालून ते टायर चाचपत, नक्षी बघत, कंपनी बघत. टायर किती जुना, हे मात्र कधी विचारत नसत. शेजारी माझं पंक्चरचं दुकान होतं. मी वयाचं काढलं की म्हणत, "टायराचं का लगन लावाचं हाय गा? माल पाह्य."

चौऱ्याहत्तरच्या संत्र्याच्या हंगामात नरखेडकडचे बागायतदार बाबाराव एक टायर घेऊन आले. नामी कंपनीचा, रस्त्यावर एकदाही न चाललेला. नऊ वर्षं विहिरीवरच्या पंपघरात टांगून जपलेला. कडेला बारीक भेगा होत्या. मी बोललो, नत्थूजींनी हसून खडूची रेघ ओढली, आणि मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

आठव्या दिवशी भर दुपारी बाबारावांच्या ट्रकला पुढे लावलेला तोच टायर फुटला. ट्रक बाभळीवर आदळला आणि ड्रायव्हर दादाजी जागीच गेला. लोकांनी लगेच ठरवून टाकलं, पिऊन असेल. बाबारावांनीही मान डोलावली. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून दादाजीनं दारूला हात लावला नव्हता. पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार?

नत्थूजी जाऊन फुटलेला टायर बघून आले. रबर वाकवलं तर वाळल्या भाकरीसारखं मोडत होतं. दोन दिवस ते दुकानात नुसते बसून राहिले. खरं सांगितलं, तर त्यांच्याकडे पुन्हा कोणी टायर आणणार नव्हतं.

पाचव्या दिवशी दादाजीच्या घरी पुण्यानुमोदनाला माणसं जमली होती. वंदना झाल्यावर नत्थूजी उभे राहिले. हातात त्या रबराचा तुकडा होता.

"दादाजी पेला नव्हता. हा टायर म्या पास केला. आतून मेला होता, अन् मी वरची नक्षी पाहत बसलो. चूक माही हाय."

दादाजीची बायको बायजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं तो तुकडा मागून घेतला, बोटांनी मोडून पाहिला. मग तोंडाला पदर लावून म्हणाली,

"पाच दिवस काहून थांबले, भाऊ? लोकायचं आयकून मले बी तेच खरं वाटून राहिलं होतं."