उजवी बाहुली

"सर, ह्यांची उजवी बाहुली लहानच होत न्हाई," रंजना म्हणाली.

मी जालन्यात फिजिशियन. शाळकरी मुलांच्या मेंदूविज्ञान स्पर्धेला परीक्षक होतो. लेखी पेपर झाला होता, प्रॅक्टिकल चालू होतं. डोळ्यावर टॉर्च मारला की बाहुली आकसते. नाही आकसली, तर मेंदूवर दाब आल्याची शंका घ्यायची. मुलांना तपासायला धडधाकट माणूस हवा होता, म्हणून टेंभुर्णीहून मुलं घेऊन आलेले काळे सर खुर्चीत बसले होते. दहावीतली रंजना त्यांचीच विद्यार्थिनी.

मी टॉर्च घेतला. डावी बाहुली आकसली. उजवी मोठी, काळीभोर, तशीच. पहिल्या मुलाच्या वेळी मी स्वतः पाहिली होती. तेव्हा ठीक होती. मी वाकून काळे सरांना विचारलं.

"सर, डोक्याला मार लागलाय?"

"सकाळी घरून निघताना मोटरसायकल घसरल्ती. जरा चक्कर आल्ती. आता बराबर आहे." जीभ जड झाली होती. "झोप येऊन राह्यली फक्त."

कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली तरी माणूस काही तास ठीक वाटू शकतो. मग साचलेलं रक्त मेंदूला दाबतं आणि श्वास थांबतो. ऑपरेशनची सोय औरंगाबादला.

स्पर्धा भरवणारे मुख्याध्यापक धावत आले. "डॉक्टरसाहेब, पडू द्या त्यांना थोडं. पाहुणे बसलेत."

"झोपले तर उठणार नाहीत. जीप काढा, जल्दी!"

एसटीडी बूथवरून औरंगाबादच्या सर्जनला फोन केला. रंजना हट्टानं जीपमध्ये चढली. मी सांगितलं, त्यांना बोलतं ठेव.

"सर, मी कोण?"

"रंजना."

वाटेत बदनापूरच्या पुढं त्यांनी तिला बायकोच्या नावानं हाक मारली. मग तेही थांबलं.

"सर, बोला ना!" ती रडायला लागली. "डॉक्टर, श्वास चालू हाय ना?"

"चालू आहे." पुढच्या श्वासाची खात्री मला नव्हती. छाती वर गेली की ती परत वर जाईपर्यंत मी नुसता बघत राहायचो.

सर्जन हॉस्पिटलच्या दारातच उभे होते. स्कॅन झाला, लगेच ऑपरेशन. गुठळी निघाली. काळे सर वाचले. डावा हात थोडा अधू राहिला, पण शिकवणं सुटलं नाही.

प्रॅक्टिकल अर्धवटच राहिलं, म्हणून निकाल लेखी गुणांवरच लावला. रंजनाचा नंबर आला नाही.

डोकं आपटलेला माणूस चालतोय, बोलतोय, एवढ्यावर त्याला एकटं सोडू नये. 'झोप येतेय' म्हणाला, तर पाहुणे बसलेले असले तरी गाडी काढावी.