डोंग्याची मोटर

बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि आता वल्ही मारायची नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी आईने डोंगा विकायची गोष्ट काढली.

डोंगा म्हणजे बाबांची छोटी फायबरची नाव. बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. मोर्शीच्या बाजूला धरणाच्या काठी एका मासेमाराच्या घराजवळ ती पालथी घालून ठेवलेली असायची. आठवड्यातून एकदा ते गळ घेऊन तिकडे जायचे. मासे मिळाले तरी तिथेच कुणाला देऊन यायचे, कारण आमच्या घरात मासे शिजत नाहीत. त्यामुळे एवढ्या लांब उन्हात बसायला जाणं आईला कधीच कळलं नाही. मलाही फारसं कळत नव्हतं. पण परत आलेले बाबा जाणाऱ्या बाबांपेक्षा शांत असायचे, एवढं मी पाहिलं होतं.

डोंगा विकण्यावर ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. काही दिवसांनी जेवताना त्यांनी मला सांगितलं, डोंग्याला लावायच्या मोटरी येतात, त्या जरा फोनवर पाहून दे. घरात इंग्रजी काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. वॉशिंग मशीनचं पुस्तक, विम्याचे कागद, औषधांच्या घडीतली बारीक अक्षरातली चिठ्ठी. शाळेची भाषा घरात चालत नव्हती आणि घरची शाळेत, त्यामुळे मला दोन्हीकडे ऐकून घ्यायची सवय लागली. वाचून दाखवणं हेच माझं घरातलं बोलणं.

दुसरे सल्लागार म्हणजे बाबांचे मित्र, ज्यांना मी काका म्हणते. त्यांचं अकोल्यात विहिरीच्या आणि बोअरच्या पंपांचं दुकान आहे. ऑपरेशननंतर बाबांना भेटायला ते अमरावतीला आले तेव्हा मी तीन-चार मोटरींची माहिती काढून ठेवली होती. प्रत्येकीत दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. ताकद किती एचपीची, आणि मोटरीखालचा दांडा आखूड हवा की लांब. त्या दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा असतो.

एचपी आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या विहिरीवर तीनची मोटर आहे आणि कुणाच्या साडेसातची, हे त्याच्या वावरातल्या पिकाइतकंच लोकांना माहीत असतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बाबांना विचारलं, धरणात पाणी किती खोल आहे. मधात साठ-सत्तर फूट असेल, बाबा म्हणाले.

"मंग लांब दांड्याची घे. आखूड दांडा काय करीन तिथं?"

बाबांनी मान डोलावली. ताकदही पाचच्या खाली नको, यावरही दोघांचं एकमत झालं.

हे दोघं काय करत आहेत हे मला जरा वेळाने कळलं. ते मनातल्या मनात बोअरमध्ये पंप सोडत होते. पाणी खोल तर पाइप जास्त, पाइप जास्त तर मोटर मोठी. यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या भागात पाणी नेहमी खालीच असतं आणि मोटरीचं काम ते वर आणायचं. पाणी जिथल्या तिथे ठेवून काम करणारी मोटर त्या दोघांनी आयुष्यात हाताळली नव्हती. मी गप्प बसले असते, पण काकांनी नागपूरच्या एका ओळखीच्या विक्रेत्याला मोटर सांगायला फोन हातात घेतला होता.

"काका," मी म्हटलं, "हिला पाणी वर नाही आणायचं. फक्त मागे ढकलायचं आहे."

काकांनी फोन खाली ठेवला. मग बाबांकडे वळले.

"अबे, पोट्टी बरोबर बोलून राहिली. आपन दोघं धरन उपसाले निघालो होतो."

बाबा ऑपरेशननंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि खांदा धरून थांबले. पंखा पाण्याच्या पातळीखाली जेमतेम बुडला की पुरतो, म्हणून दांडा किती लांब हवा हे डोंग्याच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरतं, असं मी त्यांना वाचून दाखवलं. बाबांनी त्या मासेमाराला फोन करून फळी मोजायला लावली. ती पंधरा इंच भरली. म्हणजे आखूड दांडा. जाताना काका मला म्हणाले, "मॅडम, आता एचपीत नको बोलजो. तो माहा धंदा हाय."

एचपीत मी बोलणार नव्हतेच. पण माझ्या डोक्यात वजन होतं. मोटर धरणावर ठेवून येण्यासारखी जागा नव्हती, म्हणजे प्रत्येक खेपेला ती गाडीतून काढायची, फळीपर्यंत न्यायची, आवळून बसवायची आणि परत आणायची. पाचची मोटर अडीचच्या मोटरीपेक्षा बरीच जड होती. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पुढचं वाच म्हणून सांगितलं. खांद्याबद्दल आमच्या घरात औषधाच्या वेळेपलीकडे कुणी बोलत नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी मी खिडकीतून त्यांना अंगणात पाहिलं. आई झोपली होती. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याची वीस लिटरची कॅन येते, ती भरलेली कॅन त्यांनी पुढ्यात घेतली होती. डाव्या हाताने उचलायची आणि उजवा हात नुसता टेकवायचा, असं ते करून पाहत होते. ती जमिनीवरून उठली, पण गुडघ्याच्या वर येईना. मग त्यांनी थोडं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घातलं आणि पुन्हा उचलली. पुन्हा थोडं ओतलं. असं करत एकदा ती कमरेपर्यंत आली आणि तिथे राहिली. त्यांनी ती खाली ठेवली आणि उरलेल्या पाण्याकडे वाकून बघितलं. मी खिडकीतून मागे सरले. नंतर त्या कॅनमधून पेला भरायला गेले तेव्हा पाण्याची रेघ मीही पाहिली. अडीचची मोटर त्या पाण्यापेक्षा थोडीशीच जड होती.

म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी मोटर घ्यायला अकोल्याला जायच्या दिवशी ते पाचचीच घ्यायची म्हणत निघाले. गाडी मी चालवत होते. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांनी एवढंच म्हटलं की अडीचची म्हटलं तर तो हसेल.

काका हसलेच. नागपूरच्या विक्रेत्याने दाखवायला दोन्ही मोटरी पाठवल्या होत्या आणि त्या दुकानात लाकडी घोडीवर लावून ठेवल्या होत्या. लहान मोटरीला काकांनी बोटाने टिचकी मारली. "हे काय, रसवंतीवर लावाची हाय का?" मग त्यांनी पाचची मोटर घोडीवरून उतरवून जमिनीवर उभी धरली आणि बाबांना म्हणाले, "उचलून पाह्य."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते वाकून पंखा बघू लागले. पंख्याला किती पाती आहेत, धातू कोणता आहे, असं विचारत राहिले. काका धरून उभेच होते.

मी पुढे गेले आणि मोटर उचलायला लागले. ती माझ्या गुडघ्याला टेकली आणि तिथेच अडली. मी ती खाली ठेवली. मग लहान मोटर घोडीवरून सोडवली, छातीशी धरली, दुकानाच्या दारापर्यंत नेली आणि परत आणून बसवली. जमलं.

"बाबांसोबत मी जाणार आहे," मी म्हटलं. "मला उचलवेल तीच घ्या."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. मला पोहता येत नाही आणि त्या डोंग्यात मी एकदाही बसले नव्हते.

"हे येईन तुह्या संग?" काकांनी बाबांना विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. "पोरगी येत असन तं मंग अडीचचीच घ्या लागन," ते म्हणाले. माझ्यासाठी तडजोड केल्यासारखा त्यांचा आवाज होता, आणि तो तसा निघाल्याचं मला बरं वाटलं. काकांनी पुन्हा रसवंतीचं नाव काढलं नाही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं.

"तुले कोनं सांगतलं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"काय?"

"काई नाही."

मी सोबत जाणार म्हणून डोंगा ठेवायला आई तयार झाली. आम्ही पाच-सहा वेळा गेलो असू. लाइफ जॅकेट घालून मी पुढच्या फळीवर बसायचे. मोटर सुरू करायची दोरी ते डाव्या हाताने ओढायचे, त्यासाठी अंग अवघड वळवून. दोन-तीन वेळा रिकामी जायची. मी ओढू का, असं मी एकदाही विचारलं नाही. मी पाण्याकडे बघत बसायचे. दर खेपेला रिकाम्या ओढी कमी होत गेल्या, आणि शेवटच्या खेपेला गाडीही त्यांनीच चालवली.

मग एका सकाळी मी उठले तर आई व्हरांड्यात उभी होती. गाडी नव्हती. मोटर ठेवायचा कोपरा रिकामा होता.

"तू काहून नाही गेली? तू संग जाशीन म्हनून तं मी हो म्हटलं."

"त्यांनी उठवलं नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. त्यांनी मला उठवलं नव्हतं, आणि मला त्याचं थोडं वाईट वाटलं. पण दुकानात मी ती मोटर छातीशी धरली होती ती याचसाठी, हेही मला तिथे उभं असताना समजत होतं. हे आईला सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने फोन लाव म्हटलं. मी लावला, वाजत राहिला. मोटरीच्या आवाजात ऐकू जात नसेल, असं मी तिला सांगितलं. ती पायरीवर बसली.

ऊन गच्चीवरून अंगणात उतरलं तेव्हा माझ्या फोनवर फोटो आला. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. फोटोत अर्धा चेहरा, मागे पाणी, आणि डावा हात मोटर वळवायच्या दांडीवर. आईने फोन माझ्या हातून घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, चेहरा बाजूला सारून गळ्यापाशी नेला आणि नारिंगी पट्टा दिसेपर्यंत थांबली नाही.

"जाकीट घातलं हाय," ती म्हणाली, आणि फोन मला देऊन वरण लावायला आत गेली.