शिक्का आहे ना, साहेब?

मंडळी, आज मी ऑफिसात सूड घेतला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

चाकणच्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर आहे. मला दिसत नाही. टाइप केलेला मेसेज माझा फोन मोठ्याने वाचून दाखवतो.

पण आमचे एचआरचे साहेब नोटीस छापतात, सही-शिक्का मारतात आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकतात. शिक्का दिसल्याशिवाय नोटीस खरी वाटत नाही म्हणे. माझा फोन फक्त "फोटो" म्हणतो आणि गप्प बसतो.

फोटोखाली दोन ओळी टाइप करा, असं कितीदा सांगितलं. "कुणाकडून तरी वाचून घेत जा," हे त्यांचं उत्तर.

सोमवारी निगडीहून कंपनीची बस अर्धा तास आधी सुटली. नोटीस अर्थातच फोटोत होती. मला उशीर झाला आणि साहेबांनी लेखी खुलासा मागितला.

तो आज दिला. दोन पानं भरून, ब्रेलमध्ये. आधी आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला, मग साहेबांच्या हातात दिला.

कागद उलटसुलट होत असल्याचा आवाज मी मन लावून ऐकला.

"अहो, हे तर कोरंच आहे."

"शिक्का आहे ना, साहेब?"

"काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा."

"कुणाकडून तरी वाचून घ्या."

आई म्हणते, मोठ्या मनानं सोडून द्यायचं होतंस. नाही सोडलं. आज डबा फार गोड लागला.

तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर आज किती नोटिसा फोटोत आल्या? खाली सांगा. टाइप करून.